कॉम्प्युटर चालूच होत नाही? नवा एसएमपीएस आणण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की नाशिकच्या सिडको, सातपूर, पंचवटी, सगळीकडून एकच फोन येतो: "भाऊ, सीपीयू बंद पडलाय, एसएमपीएस गेला वाटतं." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागेल तशी करून देणारा, कॅबिनेटमधला डबा. कॅबिनेट उघडण्याआधीच निदान झालेलं असतं. कित्येकदा नवा एसएमपीएस विकत आणूनही झालेला असतो, आणि मशीन तसंच ढिम्म. एसएमपीएस जातो हे खरं, पण भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डापर्यंत, वीज जाते त्या वाटेवर तो मधला एक टप्पा आहे. वीज नेमकी कुठे अडली हे शोधायचं सोडून थेट पार्ट बदलायला घेणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

म्हणून आधी बटण दाबा आणि नीट बघा. काहीच हालचाल नाही? की पंखा एक गिरकी घेऊन थांबतो? की पंखे मजेत फिरतात, पण स्क्रीन काळी? तिसऱ्या प्रकारात वीज बहुधा पोचलेली असते. तिथे रॅम काढून तिचे सोनेरी पॉइंट खोडरबरने साफ करा, मॉनिटरची केबल आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वायर नीट बसली आहे का ते पाहा. खरा घोळ पहिल्या दोन प्रकारांत होतो.

भिंतीपासून सुरुवात न करणं

आपल्याकडे बहुतेक कॉम्प्युटर यूपीएसवर असतात. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. मग एक दिवस लाइट जाऊन येते आणि यूपीएस उठतच नाही. दोष मात्र सीपीयूला. यूपीएस बाजूला काढा, कॉम्प्युटर थेट सॉकेटला लावा. त्याच सॉकेटला टेबल फॅन लावून बघा. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा सीपीयूच्या केबलसारखीच असते, ती अदलाबदल करून बघा. मागचा छोटा काळा स्विच झाडूपोछा करताना बंद झालेला असतो, तोही बघा. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल खटका असतो. तो २३० वरच राहू द्या. ११५ वर सरकवून आपली २३० व्होल्टची लाइन दिली, की धडाम आवाज होतो आणि एसएमपीएस संपतो.

हे सगळं ठीक असेल तर प्लग काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. लाइट ये-जा झाल्यावर काही एसएमपीएस स्वतःच्या संरक्षणासाठी लॉक होतात, ते एवढ्याने मोकळे होतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. सॉकेट दोन पिनांचं, म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाकलेली. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच नसते, म्हणून तो कॅबिनेटवर येऊन बसतो. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. ते झाल्याशिवाय कॅबिनेट उघडायला बसू नका.

बटणावर संशयच न घेणं

पंचवटीत एका झेरॉक्सच्या दुकानात, ॲडमिशनचे फॉर्म भरायची गर्दी असताना, मशीन बंद पडलं. ताईंनी घाईघाईत नवा एसएमपीएस बसवून घेतला होता, तरी तेच. कधी चालू व्हायचं, चार सेकंदांत बंद. "दादा, मदरबोर्डच गेला का हो?" त्यांचा चेहरा पडलेला. कॅबिनेटवर रोज सकाळी अगरबत्ती लागायची. तिची राख आणि टोनरची भुकटी बटणाच्या फटीत बसून बटण आतच अडकलं होतं. बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं की मशीन बंद होतं, ही तर एटीएक्स, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या, मदरबोर्डची रीतच आहे. बोर्डावरची बटणाची दोन पिनांची वायर काढली, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, आणि मशीन सुरू. मग रिसेट बटणाची वायर त्याच पिनांवर लावून दिली. आणखी एकही पार्ट बदलावा लागला नाही. उलट-सुलट लागली तरी या वायरीला फरक पडत नाही, फक्त बोर्डावर छापलेलं पिनांचं नाव वाचून योग्य त्याच दोन पिना धरा.

एसएमपीएस न तपासता दोषी ठरवणं, किंवा उघडून बसणं

व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर असेल तर काम सोपं आहे. प्लग लावलेला, मशीन बंद, अशा वेळी २४ पिनच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या आणि काळ्या वायरीत ५ व्होल्ट यायलाच हवेत. येत नसतील तर कनेक्टर बोर्डातून काढून पुन्हा मोजा. तरीही शून्य, तर एसएमपीएस गेला. ५ व्होल्ट येत असतील तर कनेक्टर बाहेरच ठेवून हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला क्लिपने जोडा. पंखा फिरायला हवा. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असं धरू नका. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेरचा आकडा दिसला तर तो एसएमपीएस नको. हल्लीच्या काही एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे पिनांचा नकाशा बघितल्याशिवाय क्लिप लावू नका.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

नवा घ्यावाच लागला तर "४५० वॅट" या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. १६ अँपिअर लिहिलं असेल तर त्या लाइनवर फक्त १९२ वॅट मिळणार. ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला ते पुरत नाही.

पंखा हलून थांबतो तरी बटण दाबत राहणं

ही बहुधा शॉर्टची खूण असते. प्रत्येक वेळी बटण दाबून तुम्ही त्या शॉर्टमध्ये पुन्हा करंट सोडता. प्लग काढा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड सगळं सोडवा आणि एका रॅमवर चालवून बघा. चालू झालं, तर प्रत्येक वेळी प्लग काढून एकेक वस्तू परत लावा, गुन्हेगार सापडेल. पुढच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिन, बोर्डाखाली पडलेला स्क्रू, गरमीला येऊन मेलेली पाल, फुगलेले कपॅसिटर, हे नेहमीचे.

भिजलेलं मशीन लगेच लावून बघणं

२०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं. अशा वेळी पाणी ओसरलं की हात आपसूक बटणाकडे जातो. तो आवरा. ओलाव्यावर वीज सोडली की वाचू शकणारा बोर्डही जळतो. प्लग काढा, बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काढा आणि सगळं सुटं करून काही दिवस हवेशीर जागी वाळू द्या. हार्ड डिस्क पाण्यात बुडाली असेल आणि तिच्यावर टॅलीचे हिशेब, ग्राहकांच्या फाइल्स किंवा घरचे फोटो असतील, तर ती वाळवूनही स्वतः लावून बघू नका. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. पुढच्या पावसाळ्याआधी सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा.