'द मूनस्टोन' हप्त्याहप्त्यानं वाचा

एकोणिसाव्या शतकातली जाडजूड इंग्रजी रहस्यकादंबरी बहुतेकांच्या हातून सुटते ती पहिल्या साठ-सत्तर पानांत. पात्रांची गर्दी झालेली असते, म्हातारा निवेदक मुद्द्यावर यायला तयार नसतो आणि चोरी अजून झालेलीच नसते. वाचणाऱ्याला वाटतं, आपलं इंग्रजी कमी पडतंय. पण एका बैठकीत शंभर पानं संपवावीत म्हणून हे पुस्तक लिहिलेलंच नाही. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही एका हिऱ्याच्या चोरीची कादंबरी १८६८ च्या ४ जानेवारीपासून ८ ऑगस्टपर्यंत चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात ३२ हप्त्यांत छापून आली. आठवडाभर डोक्यात घोळेल असं काहीतरी दर हप्त्यात वाचकाच्या हाती दिलेलं असे. या लयीत वाचलं की ती रेंगाळत नाही. इतिहास, प्रेमकथा, गुप्तहेरकथा आणि थोडी गॉथिक, म्हणजे गूढ-भीतीची हुरहुर असं सगळंच तिच्यात असल्यानं जुन्या कादंबऱ्यांची सुरुवात हिच्यापासूनच करावी.

आधी प्रत नीट पाहून घ्या. संक्षिप्त आवृत्त्या बाजारात भरपूर आहेत आणि मुखपृष्ठावर तसं ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तक १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यापासून सुरू झालं पाहिजे आणि शेवटी तीन वेगवेगळ्या माणसांची छोटी निवेदनं हवीत, त्यांतलं शेवटचं मर्थवेट या प्रवाशाचं. यातलं काही गायब असेल तर ती प्रत ठेवून द्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट मिळतो. अभ्यासकांच्या प्रस्तावनेची प्रत घेतली असेल तर प्रस्तावना शेवटी वाचा, कारण तिथे चोर कोण हे बिनदिक्कत सांगून टाकलेलं असतं. मागच्या टिपांचंही तेच. अडलेल्या शब्दाला शब्दकोश पुरे.

कादंबरी सुमारे दोन लाख शब्दांची आहे, म्हणजे एका हप्त्याला साधारण सहा हजार शब्द पडतात. सवयीच्या वाचकाला तेवढं अर्ध्या तासात होतं, इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला पाऊण तास लागतो. रोज एक हप्ता धरला तर महिन्याभरात पुस्तक पूर्ण होतं. मूळ हप्ते कुठे तुटले होते ते शोधत बसू नका, प्रकरण संपेल तिथे थांबा. आठवड्यातून एकदाच, रविवारी दोनशे पानं वाचायचा बेत मात्र हमखास फसतो. मधल्या दिवसांत नावं विसरतात आणि पुढच्या रविवारचा पहिला तास मागची पानं उलटण्यात जातो.

सोबत एक वही असू द्या. पण पात्रांची वंशावळ काढण्यात शक्ती घालवू नका, त्याहून कामाची गोष्ट दुसरी आहे. या कादंबरीत कारभारी बेटरेज, धर्मवेडी मिस क्लॅक, वकील ब्रफ असे अनेकजण आळीपाळीनं हकिकत सांगतात आणि प्रत्येकाला अट एकच: स्वतः अनुभवलं तेवढंच लिहायचं. त्यामुळे एखादा माणूस पूर्ण प्रामाणिक असूनही त्याचं म्हणणं चुकीचं निघू शकतं. वहीत प्रत्येक मोठ्या घटनेपुढे तारीख, सांगणारा कोण, आणि त्यानं ती डोळ्यांनी पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, एवढं टिपा. जिचा हिरा गेला त्या रेचल व्हेरिंडरला सबंध पुस्तकात एकही निवेदन दिलेलं नाही. तिच्याबद्दल जे कळतं ते दुसऱ्यांच्या तोंडून, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

तारखांत २१ जून १८४८ ठळक लिहा. हा रेचलचा वाढदिवस, आणि याच रात्री हिरा नाहीसा होतो. त्या संध्याकाळच्या जेवणाचं प्रकरण घाईनं उरकू नका. कोण कुणाशी कशावरून बोललं ते दोन-दोन ओळींत लिहून ठेवा. घराचा नकाशाही काढा. रेचलची बैठकीची खोली, तिला लागून तिची निजायची खोली, बिनकुलपाचं भारतीय कपाट आणि ताजा रंग दिलेलं दार. दाराचं रंगकाम दुपारी तीनला संपलं आणि रंग वाळायला बारा तास लागतात, एवढ्या दोन गोष्टींवरून पोलिस गुप्तहेर सार्जंट कफ वेळेचा हिशेब मांडतो. त्याच्या आधी आपण तो मांडून पाहावा, यात या वाचनाचं खरं सुख आहे. घराबाहेर यॉर्कशायरचा किनारा आणि भरती-ओहोटीच्या वेळी थरथरणारी रुतणवाळू. कादंबरीतला गॉथिक भाग तो हाच. तिथली वर्णनं मोठ्यानं वाचली तर अधिक रंगतात.

बेटरेजच्या पाल्हाळाला कंटाळून पानं गाळू नका, त्याच्या गप्पांत घराची सगळी रीत कळून जाते. मिस क्लॅकचा उपदेश वरवर वाचला तरी चालेल, तिनं पडद्याआडून ऐकलेलं मात्र शब्दन् शब्द वाचा.

इतिहास तपासायचा तो पुस्तक संपल्यावर. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला आणि हल्ल्याचं नेतृत्व इंग्रज सेनानी बेअर्डनं केलं, हे खरं आहे. हिरा आणि त्याची सोमनाथची चंद्रमूर्ती ही कॉलिन्सची कल्पना. हिऱ्याच्या मागावरचे तीन ब्राह्मण जादूगारांचे वेश घेऊन समुद्र ओलांडतात आणि त्यापायी जात गमावतात, हे मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा जास्त जड वाटेल. लेखकानं त्या त्यागाला किती मान दिलाय हे शेवटच्या पानांत दिसतं.

यानंतर कॉलिन्सचीच 'द वुमन इन व्हाइट' घ्या. ती वाचताना एक कायदा माहीत हवा. १८७० आणि १८८२ च्या सुधारणांपूर्वी इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोच्या मालमत्तेवर बहुतांशी नवऱ्याचा ताबा येई, म्हणून लग्नाआधीच्या करारनाम्याची कलमं तिथे एखाद्या खुनाइतकी भीतिदायक ठरतात. हप्त्यांची चव मराठीत घ्यायची असेल तर हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' आहे, तीही 'करमणूक'मधून अशीच क्रमशः आलेली.

अ‍ॅन रॅडक्लिफची १७९४ ची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' सर्वांत शेवटी. ही चार खंडांची गॉथिक कादंबरी, आणि तिच्यातला किल्ला दुसऱ्या खंडात येतो, तोवर डोंगरदऱ्याच. पहिल्या वाचनात मधल्या कविता खुशाल गाळा. काळ्या पडद्याचं प्रकरण आलं की तिथे खूण घाला, कारण त्याचा खुलासा थेट शेवटच्या खंडात आहे आणि तोवर पडद्याआड नेमकं काय पाहिल्याचं सांगितलं होतं ते पुन्हा वाचावं लागतं.