मोटर नसलेल्या पाण्याची वीज: शेतमालाचा पर्यावरणीय हिशेब शिकणाऱ्यांसाठी

लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे आपलं एलसीए (मालाच्या सुरुवातीपासूनचा पर्यावरणावरचा भार मोजायची पद्धत), शिकायला घेतलंत तर आधी सॉफ्टवेअर उघडू नका. ओपनएलसीए फुकट मिळतं, ते कुठं पळून जात नाही. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची मानकं तुम्ही वाचली असतील, फंक्शनल युनिट (हिशेब कशामागं करायचा ते माप) आणि सिस्टीम बाउंडरी (हिशेबात काय धरायचं, काय नाही) हेही पाठ असेल, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठेमहांकाळ-जत पट्ट्यात, बेदाण्याचा हिशेब करताना जिथं माझी गाडी अडली तेवढंच सांगते.

फंक्शनल युनिट साधं होतं: द्राक्षं सुकवायच्या शेडवरून निघालेला एक किलो बेदाणा. साधारण चार किलो द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा होतो. त्यामुळे बागेतल्या किलोमागचा प्रत्येक आकडा शेडवर चौपट होतो. बागेत राहिलेली चूक बेदाण्यात लपत नाही, वाढते.

आता तो सापळा. दोन बागा होत्या, एक बोअरवरची आणि एक उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरची. दोन्हीकडं खतं, फवारण्या, उत्पादन जवळजवळ सारखं. पण योजनेच्या बागेचा कार्बन इतका कमी दिसत होता की आकडे जुळेनात. प्रश्नावलीत विजेच्या रकान्यात शेतकऱ्यानं सांगितलेलं उत्तर होतं, "मोटार कुठली मॅडम, पाटाचं पाणी हाय, आपोआप येतंय." त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या बांधावर मोटर नव्हतीच. शेततळ्यातून ठिबकला दाब देणारी तेवढी एक छोटी मोटर.

पण ते पाणी बांधावर आलं कसं? म्हैसाळला कृष्णेतून उचलून, टप्प्याटप्प्यानं चढवत आणलेलं ते पाणी. टेंभूचंही तसंच: कराड तालुक्यात नदीतून उचलायचं आणि खानापूर-आटपाडीच्या माळावर न्यायचं. शेवटचा टप्पा चढल्यावर ते कॅनॉलनं उतारानं वाहतं, म्हणून शेतकऱ्याला 'आपोआप' दिसतं. वीज आधीच जळलेली असते, फक्त दुसऱ्याच्या मीटरवर.

हा हिशेब हातानं करून बघा, कागदावर. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला ९.८१ किलोज्यूल लागतात. १०० मीटरला ९८१. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणजे झाले ०.२७ युनिट. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर घनमीटरमागं ०.३९ युनिट. दहा लाख लिटरचं शेततळं म्हणजे १००० घनमीटर, म्हणजे ३९० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशाच्या ग्रिडचा, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याचा, कार्बन डायऑक्साइडचा आकडा अलीकडं युनिटमागं ०.७ किलोच्या जरा वर असतो. म्हणजे एकदा तळं भरलं की २८० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. वाटेत ३० टक्के पाणी मुरलं असं गृहीत धरा, की तेच ४०० किलो होतं. आणि ठिबकची ती छोटी मोटर, २० मीटरचा दाब धरला तर, तळ्यामागं ७८ युनिटच खाते. रकान्यात आलं होतं ते एवढंच. १०० मीटर हा मी सोयीसाठी घेतलेला आकडा आहे. तुमच्या बागेपर्यंत पाणी किती चढलं ते टप्प्यांवरून काढा.

पाणीपट्टीच्या पावतीवरून वीज काढायच्या फंदात पडू नका. या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन उचलतं आणि १९ टक्के लाभधारकांकडून घेतलं जातं. पैशाचा आणि युनिटांचा तिथं काही मेळ नाही. पंपगृहाच्या नोंदी मागा: किती पंप, किती तास, किती पाणी. नाही मिळाल्या तर उंचीवरून काढा आणि एकच आकडा छातीठोक न लिहिता कमीतकमी-जास्तीतजास्त असा लिहा.

बोअरवाल्यांचंही सरळ नसतं. बऱ्याच शेतीपंपांना मीटर नाही, आकारणी हॉर्सपॉवरवर होते. तिथं तास विचारा. पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, पण ती मोटरनं दिलेली शक्ती. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर ओढते ४.७ च्या आसपास.

अजून एक, थोडक्यात. बागायतदाराची वही ऑक्टोबर छाटणीपासून सुरू होते. एप्रिलची खरड छाटणी विचारल्याशिवाय निघत नाही आणि भर उन्हाळ्यातलं पाणी नेमकं तिथंच असतं. वर्ष पूर्ण घ्या.

तयार डेटाबेसबद्दल माझं मत कडक आहे. परदेशी आकडा उचलून 'भारतीय द्राक्ष' म्हणून वापरणं मला अप्रामाणिक वाटतं. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली, तेव्हा एकाच पिकात शेताशेतांत कितीतरी पटींचा फरक दिसला. मग आपल्या जतच्या बागेला सरासरी का चिकटवायची? मार्गदर्शक निवडतानाही हेच बघा. ज्यांनी कधी शेडवर उभं राहून डिपिंग ऑइलचा (सुकवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्याचा) वास घेतला नाही, ते तुमचा विजेचा रकाना रिकामा बघून "छान, कमी उत्सर्जन" म्हणतील. द्राक्षाचा जुना सल्लागार, डिग्री असो-नसो, पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "पाणी कुठलं?"

घाबरू मात्र नका. गणित दहावीचंच आहे. युरियाचं ४५ किलोचं पोतं घ्या: ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) ढोबळ नियमानं त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. नत्राचं वजन वायूच्या वजनात आणायला ४४ भागिले २८ नं गुणा, मग तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो त्या २७३ नं गुणा, पोत्यामागं ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं आलं. कारखान्यात युरिया बनवतानाचं उत्सर्जन वेगळं मिळवायचं. एवढं जमलं की निम्मं काम तुमच्या हातात आहे. इंग्रजी अडखळतं म्हणून मागं राहू नका. शेतकऱ्याशी नीट बोलता येणं ही या कामातली खरी पात्रता आहे, आणि ती तुमच्याकडं आहे.

अहवालात बांधावरची वीज आणि योजनेची वीज वेगळ्या ओळींत दाखवा. या तालुक्यांनी टँकरवर उन्हाळे काढलेत, बागा तोडलेल्या पाहिल्यात. त्यांना आलेलं पाणी हा गुन्हा असल्यासारखा आकडा मांडू नका. योजनेच्या पंपांवर शेतकऱ्याचा हात नाही, पाणी किती घ्यायचं यावर आहे. म्हणून अहवाल पाठवण्याआधी त्यांच्याकडं जाऊन तो मराठीत सांगा. ते विचारतातच, "मग कमी कसं करायचं?" उत्तर तयार ठेवा: १०० मीटरच्या उंचीवर, मल्चिंगनं (माती झाकून) किंवा ठिबकच्या वेळा बदलून लाखभर लिटर वाचलं, तर नदीवर ३९ युनिट वाचतात.