बेअरिंग चांगलं, केज मेलेला

पावडर कोटिंगच्या ओव्हनवर आमची १५ किलोवॅटची ब्लोअर मोटर आहे. चार महिन्यांत ती दोनदा जाम झाली, दोन्ही वेळा पंख्याकडचं बेअरिंग. आधी ग्रीसवर संशय घेतला, मग अलाइनमेंट तपासलं. दोन्ही ठीक.

शेवटी जुनं बेअरिंग कापलंच. गोळ्या आणि रेस (गोळ्या ज्यावर फिरतात त्या रिंगा) जवळपास शाबूत, पण केजचा, म्हणजे गोळ्यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचा, चुरा. तुकडे बोटांनी मोडत होते. नंबर ६३०९ टीएन९ सी३. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक; टीएन९ म्हणजे काचतंतू मिसळलेल्या पॉलिअमाइड ६६ या नायलॉनचा केज. हलका, घर्षण कमी, आवाजही कमी. साध्या मोटरीत मला तोच आवडतो. पण १२०° सेल्सिअसच्या वर सतत राहिला की ठिसूळ होतो, आणि आमच्याकडे ओव्हनची उष्णता शाफ्टमधून थेट आतल्या रिंगेत येत होती.

आता पत्र्याच्या स्टील केजचं साधं ६३०९ सी३ बसवलंय. पॉलियुरिया ग्रीस भरण्याआधी हाउसिंगमधलं जुनं लिथियम ग्रीस पूर्ण पुसलं, कारण या दोघांचं सहसा जमत नाही. शाफ्टवर उष्णता फेकणारी ॲल्युमिनियमची चकतीही लावली. पितळी केज चालला असता, पण या वेगाला तेवढा खर्च कशाला? चौदा महिने झाले, मोटर चालू आहे. खरेदीच्या चिठ्ठीवर मी आता नंबरामागची अक्षरंही लिहून देतो.