कार्यक्रमाची वेबसाइट कशी बनवावी: घोषणेपासून कार्यक्रम संपल्यानंतरपर्यंत

कार्यक्रमाची वेबसाइट करायची ठरली की चर्चा सहसा रंग, लोगो आणि बॅनरवरच्या फोटोपासून सुरू होते. ते सगळं नंतर करा. इतर वेबसाइटपेक्षा ही वेबसाइट एका बाबतीत वेगळी असते: तिला तारीख असते. दोन महिने आधी येणारा माणूस ‘जावं का?’ हे ठरवत असतो, आदल्या रात्री येणारा ‘पोहोचायचं कसं?’ हे शोधत असतो आणि त्या दिवशी सकाळी येणारा गेटबाहेर मोबाईल हातात घेऊन उभा असतो. या तिघांना आपापलं उत्तर लगेच मिळालं, तर वेबसाइट जमली.

१. आधी प्रश्न लिहून काढा

आयोजकांना फोनवर काय विचारलं जातं त्याची यादी करा. कधी, कुठे, कोणासाठी, प्रवेश मोफत की तिकीट, मुलांना आणता येईल का, गाडी कुठे लावायची, नाव नोंदवून यायला जमलं नाही तर पैसे परत मिळतात का. हीच तुमच्या वेबसाइटची रूपरेषा. यादीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर न देणारं पान बनवूच नका. ‘आमच्याविषयी’ या पानावर आठवडा घालवून वेळापत्रक घाईघाईत टाकणारे आयोजक पुष्कळ असतात.

२. पत्ता आणि साधन ठरवा

कार्यक्रम दरवर्षी होणार असेल तर डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, नावात साल घालू नका. मुख्य पत्ता कायम ठेवा आणि प्रत्येक वर्षाला आतलं वेगळं पान द्या. जुन्या लिंक चालू राहतात आणि वर्षानुवर्षं जमलेली ओळख वाया जात नाही. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या.

छोट्या कार्यक्रमाला तयार साच्यांची कुठलीही वेबसाइट-बिल्डर सेवा पुरते. मजकूर सतत बदलणार असेल आणि सांभाळणारं कोणी असेल तर वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर बरं. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने (https) सुरू होतो ना, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित आहे ना, हे पाहा. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्थेकडून मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या (वेबसाइट आपल्या सर्व्हरवर, म्हणजे संगणकावर, ठेवणाऱ्या) ते स्वतःच बसवून देतात. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवल्यावर तो बदल सगळीकडे पोहोचायला कधी कधी ४८ तासही लागतात, म्हणून हे काम घोषणेच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

३. पहिल्या स्क्रीनवर चार गोष्टी

कार्यक्रमाचं नाव, तो कशाविषयी आहे हे सांगणारं एक वाक्य, तारीख-वेळ-ठिकाण आणि नोंदणीचं बटण. स्क्रोल न करता एवढं दिसलं पाहिजे.

तारखेच्या ओळीकडे जरा बारकाईने बघा. ‘०५/०६’ असं लिहिलं तर कोणी ५ जून वाचेल, कोणी ६ मे. त्याऐवजी ‘शनिवार, १४ मार्च २०२६, सकाळी १०:३० ते सायंकाळी ५’ असं लिहा. वार घातला की वाचणाऱ्याला ती सुट्टी आहे का ते लगेच कळतं, आणि तारीख टाइप करताना चूक झाली असेल तर तीही पकडली जाते. नोंदणीची मुदत ‘रात्री १२ पर्यंत’ असं कधीच लिहू नका, कारण ते आजचे १२ की उद्याचे हा घोळ होतोच. ‘रात्री ११:५९ पर्यंत’ लिहिलं की प्रश्न मिटतो. ऑनलाइन कार्यक्रमात वेळेसोबत टाइम झोनही द्या.

ही माहिती पोस्टरच्या चित्रात अडकवू नका, मजकूर म्हणून टाइप करा. चित्रातला पत्ता सहज कॉपी होत नाही, अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही आणि सर्च इंजिनलाही नीट सापडेल याचा भरवसा नसतो. मला विचाराल तर कार्यक्रमांच्या वेबसाइटवर सर्वात जास्त नुकसान करणारी सवय हीच.

४. नोंदणीचा फॉर्म

यायचं ठरवलेली माणसं सर्वात जास्त इथे गळतात. प्रत्येक रकाना घालताना स्वतःला विचारा: ही माहिती मिळाल्यावर आपण तिचं नेमकं काय करणार? जन्मतारीख, पूर्ण पत्ता, व्यवसाय यांचं उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नाही’ असं येतं. मग ते रकाने काढून टाका. नाव, संपर्काचा एक मार्ग आणि किती जण येणार, एवढ्यावर बऱ्याच कार्यक्रमांचं भागतं. खातं उघडायची सक्ती तर नकोच.

आडनाव अनिवार्य करू नका. काही लोक एकच नाव लावतात. नाव देवनागरीत टाइप केलं तर फॉर्म ते स्वीकारतो का, हे स्वतः करून पाहा. फोन नंबरच्या रकान्यात मोबाईलवर अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. चूक झाली तर संदेश त्याच रकान्याखाली दिसावा आणि आधी भरलेलं काहीही पुसलं जाऊ नये.

बटण दाबल्यावर ‘तुमची नोंदणी झाली’ हे स्क्रीनवर स्पष्ट दिसू द्या आणि ईमेलही पाठवा. त्यात तारीख, ठिकाण, नोंदणी रद्द करायची लिंक आणि कॅलेंडरमध्ये टाकायची ‘आयसीएस’ फाइल असावी. ही फाइल बहुतेक सगळी कॅलेंडर ॲप उघडतात. असे ईमेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून डोमेनवर ‘एसपीएफ’ आणि ‘डीकेआयएम’ या, ईमेल खरंच तुमच्याकडूनच आल्याची खात्री देणाऱ्या, नोंदी करून घ्या. जागा भरल्या तर बटण नुसतं गायब करू नका, प्रतीक्षा यादी द्या.

५. मोबाईल, वेग आणि शेअर होणारी लिंक

बहुतेक लोक मोबाईलवरूनच येणार हे गृहीत धरा. कॅमेऱ्यातून निघालेला कित्येक एमबींचा फोटो तसाच चढवू नका. आकार कमी करा, वेबपीसारख्या (WebP), फाइल लहान ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये साठवा. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५:१ ठेवा. फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसतच नाहीत.

लोक लिंक मेसेजमध्ये पाठवतात तेव्हा खाली येणारं चित्र आणि शीर्षक पानाच्या कोडमधल्या ‘ओपन ग्राफ’ टॅगमधून येतं. १२०० × ६३० पिक्सेलचं चित्र त्यासाठी सोयीचं. सर्च इंजिनला माहिती समजावी म्हणून ती मांडायची एक ठरलेली पद्धत आहे, स्कीमा डॉट ऑर्ग; तिच्या ‘इव्हेंट’ प्रकारात तारीख, ठिकाण आणि तिकिटाची माहिती भरा. अनेक साच्यांत वा प्लगइनमध्ये (वेबसाइटला जोडायच्या जादा सोयींमध्ये) ही सोय तयार मिळते.

६. पहिलं पान वेळेनुसार बदला

हे फार थोडे आयोजक करतात, आणि फरक सर्वात जास्त इथेच पडतो. घोषणेच्या काळात वक्ते, विषय आणि नोंदणी वर ठेवा. शेवटच्या आठवड्यात तिथे वेळापत्रक आणि पोहोचण्याचा मार्ग आणा. नुसता नकाशा पुरत नाही: कोणत्या गेटने आत यायचं, पार्किंग कुठे, व्हीलचेअरसाठी उतार किंवा लिफ्ट आहे का, हे शब्दांत लिहा. त्या दिवशी सकाळी पहिल्या स्क्रीनवर फक्त आता काय चालू आहे, कुठल्या हॉलमध्ये, आणि मदतीसाठी फोन नंबर. हे बदल कोण, कधी करणार ते आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी कोणालाच उसंत नसते.

कार्यक्रम पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर पान काढून टाकू नका. सर्वात वर स्पष्ट सूचना लावा, ती कधी लावली ती वेळ लिहा आणि पैसे परत कसे मिळणार तेही सांगा. स्कीमामध्येही ‘पुढे ढकलला’ आणि ‘रद्द’ अशा वेगळ्या स्थिती आहेत, त्या बदला.

७. जाहीर करण्यापूर्वी

आयोजनाशी संबंध नसलेल्या कोणाच्या तरी हातात मोबाईल द्या आणि ‘नोंदणी कर’ एवढंच सांगा. मध्ये बोलू नका. तो कुठे थबकतो, काय वाचत नाही, हे बघून टिपून घ्या. छापील पत्रिकेवरचा क्यूआर कोड छपाईला जाण्याआधी दोन वेगळ्या मोबाईलवर स्कॅन करून पाहा.

८. कार्यक्रम संपल्यावर

नोंदणीचं बटण त्याच दिवशी काढा. तिथे फोटो, भाषणांची रेकॉर्डिंग आणि पुढच्या वेळची सूचना हवी असणाऱ्यांसाठी ईमेलचा रकाना ठेवा. लोकांनी दिलेली वैयक्तिक माहिती ज्या कामासाठी घेतली होती ते काम संपलं की पुसून टाका. डोमेनचं नूतनीकरण मात्र चुकवू नका: मुदत संपलेलं नाव दुसरं कोणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या जुन्या पत्रिकांवरचे क्यूआर कोड मग त्याच्या पानावर जातात.