संशोधनासाठी धावताय? निधी जमवताना या चुका टाळा

मुंबई मॅरेथॉनचा बिब (छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजेच धावण्याची जागा) नक्की झाला त्या रात्री मी फोनमधल्या जवळपास दोनशे लोकांना एकच मेसेज पाठवला: ‘मी कॅन्सरसाठी धावतोय, सढळ हाताने मदत करा.’ नऊ जणांनी पैसे दिले. बाकीच्यांनी अंगठ्याचे इमोजी पाठवले, शुभेच्छा दिल्या. मला राग आला, आणि तो उतरल्यावर लक्षात आलं की लोकांनी काय म्हणून पैसे द्यावेत हे मी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर चार वर्षं मी दर जानेवारीत धावतोय आणि निधी जमवतोय. आमच्या ग्रुपमध्ये दर वर्षी नवे लोक येतात आणि त्याच त्याच चुका करतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: उपचार आणि संशोधन एकच समजणं

एखाद्या मुलाच्या केमोसाठी पैसे मागितले की समोरच्याला लगेच कळतं. फोटो असतो, नाव असतं, रुग्णालयाचं बिल असतं. संशोधनाला चेहरा नसतो. त्यामुळे धावणारे घाबरतात आणि मेसेजमध्ये रुग्णाचा फोटो टाकून मोकळे होतात. हे करू नका. पैसा प्रयोगशाळेला किंवा उपचारांच्या चाचणीला जाणार असेल तर तसंच सांगा. देणाऱ्याला नंतर खरं कळलं तर तो पुन्हा तुमच्याकडे वळणार नाही, आणि त्याचं चूकही नसेल.

मी लोकांना एक उदाहरण सांगतो. लिडोकेन हे भूल देण्याचं जुनं, स्वस्त इंजेक्शन. दात काढताना वापरतात तेच. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ रुग्णालयांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती हे इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. २०२३मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खर्च माणशी शंभर रुपयांच्या आसपास! आता विचार करा, असल्या चाचणीत कुठली औषध कंपनी पैसे घालेल? विकायला नवीन काहीच नाही. पण ती करायची तर दहा-बारा वर्षं नोंदी ठेवणारी माणसं लागतात, रुग्णांचा पाठपुरावा लागतो, संख्याशास्त्रज्ञ लागतात. तिथे सरकारचा नाहीतर लोकांचा पैसाच उपयोगी पडतो. हे एवढं दोन मिनिटांत सांगितलं की माझ्या सोसायटीतले काका, ज्यांनी पहिल्या वर्षी फक्त अंगठ्याचा इमोजी पाठवला होता, ते विचारतात, ‘मग किती देऊ?’

कॅनडाच्या टेरी फॉक्सला हे फार लवकर कळलं होतं. १९७७मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. डॉक्टरांनी सांगितलं, जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे; दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. मधल्या काळात फरक पडला तो संशोधनामुळे. म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर, निधी जमवत, तो कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंडहून देश ओलांडायला धावत निघाला तेव्हा त्याचा आग्रह होता की पैसा संशोधनालाच जावा. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुफ्फुसांत पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. १९८१च्या जूनमध्ये, वयाच्या २२व्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाच्या दौडींतून आजवर ८० कोटी कॅनेडियन डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली आहे.

हवेतला आकडा

‘जमेल तेवढं द्या’ म्हटलं की लोकांना काहीच जमत नाही. आकडा सांगायला संकोच वाटतो, मलाही वाटतो, पण सांगावा. इथेही टेरीचीच गोष्ट उपयोगी आहे. सुरुवातीला त्याला दहा लाख डॉलर जमवायचे होते. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावानं त्याला दहा हजार डॉलर दिले. माणशी एक डॉलर. तिथून त्याच्या डोक्यात आलं की सगळ्या देशाकडूनच माणशी एक डॉलर मागावा. २ कोटी ४० लाख लोक होते, आणि १९८१च्या फेब्रुवारीपर्यंत तेवढे डॉलर जमले. ऐकणाऱ्याला आपला वाटा किती ते कळलं पाहिजे. मी ‘किलोमीटरला शंभर’ असं मागतो. कोणी एकच किलोमीटर घेतं, कोणी अख्खी हाफ मॅरेथॉन घेतं. आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी पेडर रोडचा चढ तेवढा ‘विकत’ घेतला, कारण त्या लहानपणी तिथे राहायच्या.

आणि यादीत पहिली देणगी स्वतःची टाका. रक्कम लहान चालेल. शून्य दिसणाऱ्या पानावर पहिला पैसा टाकायला कोणी पुढे येत नाही. दुसरी, तिसरी देणगी घरातून किंवा अगदी जवळच्या मित्रांकडून घ्या, जरा मोठी. पुढे येणारे लोक आधीच्या आकड्यांकडे बघूनच आपला आकडा ठरवतात.

नोंदणीचे पैसे म्हणजे देणगी नव्हे

‘मी फी भरली, म्हणजे माझी मदत झाली’ हा समज फार पसरलेला आहे. शर्यतीची फी रस्ते, पाणी, टायमिंग चिप, वैद्यकीय पथक यांवर खर्च होते. देणगी वेगळी, ती तुम्ही निवडलेल्या संस्थेच्या नावानं नोंदली जायला हवी. तुमचा बिब संस्थेमार्फत मिळालेला असेल तर किती रक्कम जमवण्याचं वचन दिलंय, आणि ती जमली नाही तर काय, हे आधी वाचा. लंडनला किंवा बॉस्टनला धावणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तर हे नक्कीच वाचावं. तिथे अशा जागेसाठी ठरलेली रक्कम चांगलीच मोठी असते.

स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेणं

सोयीचं वाटतं. ‘तू मला पाठव, मी एकदम भरतो.’ दुसऱ्या वर्षी मीही हे केलं आणि मार्चमध्ये सात जणांनी पावत्या मागितल्या तेव्हा घाम फुटला. पैसा माझ्या खात्यातून गेला, म्हणून पावती माझ्या नावाची आली. त्यांना करसवलत मिळाली नाही. तेव्हापासून मी कुणाचाही एक रुपया स्वतःच्या खात्यात घेत नाही. थेट संस्थेला किंवा शर्यतीच्या अधिकृत देणगी पानावर द्यायला सांगतो.

करसवलतीबद्दल काहीबाही आश्वासनं देऊ नका. देणगीवरची, ज्याला आपण ८०जी म्हणतो ती आयकर सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, जुनी निवडलेल्यांनाच मिळते. दोन हजारांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. २०२५च्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा संस्थेकडे किंवा आपल्या सीएकडे विचारून मगच सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांकडे मागताना तर दुप्पट काळजी घ्या. न्यू जर्सीतल्या मामेभावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असावीच लागते. भावाला पासपोर्ट विचारायला अवघड वाटतं, हे खरं. पण न विचारता पैसे घेतले तर अडचणीत येते ती संस्था.

काही अडलं तर

देणग्या मध्येच थांबल्या तर नवे मेसेज पाठवत सुटू नका. पहिला आठवडा आणि शर्यतीच्या आधीचा आठवडा सोडला तर मधला काळ सुकाच जातो. त्या दिवसांत रोज दोघा-तिघांना फोन करा, फोनच. जानेवारीच्या शर्यतीसाठी मी दिवाळीनंतर मागायला लागतो. दिवाळीच्या खर्चात कुणालाही ते नकोसं होतं.

दुखापत झाली आणि धावता येणार नाही असं दिसलं तर? सरळ सांगा. माझ्या मित्राची पोटरी डिसेंबरात फाटली. लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून तो तसाच धावायला निघाला होता. फिजिओनं आणि आम्ही मिळून त्याला थांबवलं. त्यानं सगळ्यांना कळवलं की मी धावणार नाही, कुणाला देणगी परत हवी असेल तर संस्थेशी बोलून बघतो. एकानंही परत मागितली नाही. लोकांनी पैसे कर्करोगावरच्या कामाला दिले होते, त्याच्या पोटरीला नव्हे. निधीच्या दडपणाखाली लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव वाढवणं, ताप असताना धावणं, हे कुणीही करू नका.

पावती आली नाही तर देणगीदाराला संस्थेचा नंबर देऊन मोकळे होऊ नका. पाठपुरावा आपण करायचा, मागितलंय आपण.

शर्यतीनंतरची चूक

मेडलचा फोटो टाकला की लोक गायब होतात. तो फोटो जरूर टाका, पण पंधरा दिवसांत प्रत्येकाला नावानिशी कळवा: एकूण किती जमले, कुठे गेले. मग वर्षभरानं संस्थेला विचारा, त्या पैशाचं काय झालं. संशोधनाचं उत्तर बहुधा छोटं असतं. ‘इतके नमुने साठवले, एका संशोधन सहायकाचा सहा महिन्यांचा पगार निघाला, निष्कर्षाला अजून चार वर्षं आहेत.’ ते जसंच्या तसं कळवा. गेल्या वर्षी मी असाच चार ओळींचा मेसेज पाठवला, पैसे न मागता. संध्याकाळी सोसायटीतल्या काकांचा फोन आला. त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. म्हणाले, ‘चार वर्षं ना? मग तोपर्यंत दर जानेवारीला माझे दोन किलोमीटर धर.’