रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये, पाठवताना आणि घेताना काय बघायचं

1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय, म्हणून काउंटरवर नुसतं "स्पीड पोस्ट करा" म्हणू नका, "रजिस्ट्रेशन लावा" असं स्पष्ट सांगा, त्याचे 5 रुपये अधिक जीएसटी पडतात पण मग पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात जातं, आणि सहीचा पुरावा हवा असेल तर पोचपावतीचंही तिथेच सांगायचं. आमच्या शेजारच्या काकांनी डिपॉझिट परत मागायची नोटीस पाठवली तेव्हा पावती खिशात घामाने भिजून कोरी झाली, नंबरच वाचता येईना! त्यामुळे काउंटर सोडायच्या आधी पावतीचा आणि बारकोड चिकटवलेल्या पाकिटाचा फोटो काढाच, आणि डिलिव्हरी दिसली की ट्रॅकिंगचं पान लगेच प्रिंट करून नोटिशीच्या कॉपीला टाचून ठेवा, नंतर ते साइटवर सापडेलच असं नाही.

आता घेणाऱ्याचं. नोटीस असेल म्हणून पोस्टमनला "नको" सांगून परत पाठवणारे खूप आहेत, कृपया असं करू नका. पत्ता बरोबर असेल तर "घेण्यास नकार" असा शेरा पडलेलं पाकीटसुद्धा कोर्ट साधारणपणे पोचलंच धरतं, चेक बाऊन्सच्या नोटिशीत तर पैसे द्यायला 15च दिवस मिळतात, ते असेच वाया जातात आणि आत काय लिहिलंय तेही कळत नाही. दाराला पोस्टाची चिठ्ठी दिसली तर आधार घेऊन लगेच पोस्टात जा.