घरची बिअर बिघडते कुठे? या चुका टाळा

घरी केलेली बिअर बिघडली की बहुतेक जण रेसिपी बदलतात. दुसरं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणतात, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) वाढवतात, पुढच्या खेपेला महागडं किट मागवतात, आणि तरी तीच चव परत येते. खरं तर साध्या पेल एलची, म्हणजे नेहमीच्या फिकट बिअरची, रेसिपी बिघडवणं सोपं नाही. घोळ होतो तो उकळणं संपल्यानंतर. वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) थंड व्हायला लागल्यापासून बाटलीवर झाकण बसेपर्यंत सगळं काम यीस्टचं असतं, आणि आपण त्याला ते धड करू देत नाही. पुढे ज्या चुका सांगतोय, त्यातल्या बऱ्याचशा फिरून याच कारणापाशी येतात.

भांडी घेण्याआधी कायदा बघून घ्या. काही देशांत स्वतःपुरती बिअर घरी करायला मुभा आहे, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी सरळ बंदी आहे. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्ये उठली, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली ती १९७८ मध्ये, म्हणजे हे स्वातंत्र्य तिथेही फार जुनं नाही. घरी दारू गाळणं हा मात्र पूर्ण वेगळा प्रकार आहे. त्यात आगीचा धोका आहे आणि बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. त्या वाटेला जाऊच नका.

धुतलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही

ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. आधी घाण काढायची, मग उरलेले जंतू मारायचे. मळ तसाच राहिला तर त्याच्याखाली सॅनिटायझर पोचतच नाही. धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात घालून भांडं भिजत ठेवलं की घासायची फारशी गरज पडत नाही. प्लास्टिकच्या फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, तारेची घासणी लावू नका. तिचे बारीक ओरखडे पडतात आणि बॅक्टेरियांना तीच जागा हवी असते.

निर्जंतुक करायला फॉस्फरिक आम्लावर चालणारं, न विसळता वापरायचं सॅनिटायझर सोयीचं. लिटरला साधारण दीड मिली पुरतं, पृष्ठभाग मिनिट-दोन मिनिटं ओला राहिला की काम झालं. त्याचा फेस बघून घाबरायचं कारण नाही. पण फेस नको म्हणून नळाच्या पाण्याने विसळलंत, तर आत्ताच मारलेले जंतू पुन्हा आत सोडल्यासारखं होतं.

आता फर्मेंटरच्या खालच्या नळाकडे बघा. बाहेरून तो चकचकीत दिसतो. पण तो काढून चावी ओढून वेगळी केलीत, तर आतल्या फटीत मागच्या खेपेचा तपकिरी, चिकट थर सापडतो. वॉशरच्या मागेही तोच असतो. पुढची सगळी बिअर बाटल्यांत जाताना याच फटीतून जाणार आहे. चार बाटल्या आंबट आणि बाकीच्या ठीक असा प्रकार होत असेल, तर आधी नळ आणि बाटल्या भरायची नळी तपासा. नळी दरवर्षी बदला, ती फार महाग नसते.

उकळण्याआधी जी भांडी, चमचे, गाळण्या लागतात त्या नुसत्या स्वच्छ असल्या तरी चालतं. तिथे सॅनिटायझर वाया घालवू नका.

पाणी, मॅश, उकळणं

शहराच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. ते माल्टमधल्या फिनॉलशी संयोग पावलं की बिअरला औषधाचा, चिकटपट्टीचा वास येतो आणि तो मग कशानेही जात नाही. क्लोरीन उकळल्यावर उडून जातं, क्लोरामाइन सहजी जात नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्डेनची गोळी. एक गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते, तेव्हा २० लिटरला पाव गोळी चुरून घातली की काही मिनिटांत काम होतं.

मॅशचं, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचं, तापमान ६५ ते ६८ अंशांत ठेवा. त्याखाली बिअर जास्त सुकी होते, वर गेलं तर अंगाने जड आणि गोडसर. थर्मामीटर उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून आधी तपासून घ्या. त्याची चूक दोन अंशांची असेल, तर बाकी सगळं बरोबर करूनही बिअर वेगळीच निघते.

वर्ट उकळताना झाकण ठेवू नका. फिकट माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, ते वाफेबरोबर बाहेर जायला हवं. अडलं तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. पहिल्या उकळीला फेस झपाट्याने वर येतो, त्या पाच मिनिटांत गॅसपाशीच उभं राहा. छोट्या फ्लॅटमध्ये खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर तासाभराची वाफ भिंतींवर बसते.

तापमान: सगळ्यात महागात पडणारी चूक

जर्मनीत बव्हेरियाच्या ज्या १५१६ च्या नियमाचं क्राफ्ट बिअरवाले इतकं कौतुक करतात, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत. यीस्ट नाही. ते काय आहे हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा काढला आणि तिथून बिअर दरवेळी सारखी निघायला लागली. नवशिके मात्र अजूनही १५१६ मध्येच असल्यासारखे वागतात. माल्ट ग्रॅमवर मोजतात, हॉप्सची वेळ घड्याळ लावून पाळतात, आणि फर्मेंटर कपाटाच्या कोपऱ्यात सारून मोकळे होतात.

नेहमीच्या एल यीस्टला (एल म्हणजे थोड्या उबेत आंबणारी बिअर) १८ ते २० अंश मानवतात. पण हा आकडा खोलीचा नाही, बिअरचा आहे. आंबताना उष्णता निघते. जोर असतो तेव्हा आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज जास्त असतं. म्हणजे खोली २४ अंशांवर असेल तर यीस्ट २८ वर काम करतंय. मग केळ्याचा, नेलपॉलिशसारखा वास येतो, घशाला चटका देणारे जड अल्कोहोल तयार होतात, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. या चवी पहिल्या तीन दिवसांत ठरतात. चौथ्या दिवशी बर्फ आणून काहीही सुधारत नाही.

उपाय जागेप्रमाणे निवडा. फर्मेंटर मोठ्या टबात पाण्यात ठेवायचा, वरून ओलं सुती कापड गुंडाळायचं, त्याचं टोक पाण्यात सोडायचं, आणि पाण्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. एवढ्याने पाच-सहा अंश उतरतात. जुना फ्रिज आणि त्याला बाहेरून लावायचा तापमान कंट्रोलर मिळाला तर फारच उत्तम. माझं स्पष्ट मत आहे की नवं पातेलं, चिलर (वर्ट झटपट गार करायचं साधन), मोठी ग्राइंडिंग मिल या कशाच्याही आधी पैसे इथे घालावेत. कंट्रोलरचा सेन्सर फर्मेंटरच्या बाहेरच्या अंगाला चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. हवेत लोंबकळत ठेवलात तर तो फ्रिजचंच तापमान सांगत बसेल.

जागा नसेल, घर गरम असेल, तर यीस्टच बदला. नॉर्वेतल्या शेतघरांमध्ये जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ अंशांच्या वरही चांगलं काम करतं, आणि त्याच्या व्हॉस वाणात संत्र्यासारखा छान सुगंध येतो. उन्हाळ्यात लागर (थंडीत आंबणारी बिअर) करायचा हट्ट धरून फजिती करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. लागरला ९ ते १३ अंश लागतात, तेही आठवडाभरापेक्षा जास्त.

यीस्ट कमी पडणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. ११.५ ग्रॅमचं कोरड्या यीस्टचं पाकीट साध्या ताकदीच्या २० लिटर एलला पुरतं. लागरला दोन पाकिटं घ्या. वर्ट अजून गरम असताना यीस्ट घालण्याची घाई तर अजिबात नको. नळाचं पाणीच कोमट असेल, तर चिलर वर्टला ३० अंशांखाली नेऊ शकत नाही. अशा वेळी फर्मेंटर निर्जंतुक करून, बंद करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि यीस्ट सकाळी घाला. सगळं स्वच्छ असेल तर या काही तासांनी काही बिघडत नाही.

बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही

एअरलॉक, म्हणजे फर्मेंटरच्या झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी, हे मोजमापाचं साधन नव्हे. झाकण जरा सैल असलं तर बिअर जोरात आंबत असतानाही तो गप्प बसतो, आणि खोली तापली तर सगळं संपल्यावरही बुडबुडतो. हायड्रोमीटर वापरा, तो बिअरची घनता मोजतो आणि साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आला तरच आंबणं संपलं. १.०५० वरून १.०१० वर आली असेल तर अल्कोहोल सुमारे सव्वापाच टक्के. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर तो सुरुवातीलाच वापरा. अल्कोहोल आल्यावर त्याचा आकडा दुरुस्ती केल्याशिवाय चुकीचा असतो.

आकडा थांबल्यावरही एक चाचणी करून बघा. थोडी बिअर दोन काचेच्या बरण्यांत घ्या, झाकण लावा. एक बरणी ६० अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करा. दुसरी तशीच राहू द्या. आता दोन्हींचा वास घ्या. तशीच ठेवलेली बरणी स्वच्छ आणि गरम केलेलीला लोणी, बटर पॉपकॉर्नचा वास, असं झालं तर समजा की डायसिटिलचा (लोण्याचा वास देणाऱ्या पदार्थाचा) कच्चा माल बिअरमध्ये अजून शिल्लक आहे. आज बाटल्या भरल्यात तर हाच वास पुढे बाटलीत उमटेल. फर्मेंटर दोन-तीन अंश गरम जागी सरकवा, यीस्टवर आणखी दोन-तीन दिवस राहू द्या आणि चाचणी पुन्हा करा. यीस्ट तो पदार्थ स्वतःच खाऊन टाकतं, फक्त त्याला वेळ द्यायला हवा. हिरव्या सफरचंदाचा वास येत असेल तरी औषध हेच.

दुसऱ्या भांड्यात बिअर ओतून ठेवायची जुनी सवय सोडा. त्यातून हवेशिवाय काही मिळत नाही. यीस्ट घालण्याआधी वर्ट भरपूर हलवा, ढवळा, त्याला ऑक्सिजन हवाच आहे. आंबल्यानंतर मात्र बिअरला हवा लागू देऊ नका. ओल्या पुठ्ठ्याची चव त्यानेच येते, आणि भरपूर हॉप्सची गढूळ आयपीए (इंडिया पेल एल) तर काही दिवसांतच करडी-तपकिरी पडते.

बाटल्या

इथली चूक नुसती चवीची नाही, ती इजा करते. बाटलीत फेस यावा म्हणून घालायची साखर नेम न धरता घातली किंवा आंबणं संपण्याआधीच बाटल्या भरल्या तर काच फुटते. लिटरला सहा ग्रॅम साखर साधारण एलला पुरेशी. पण हिशोब २० लिटरच्या रेसिपीवर करू नका, गाळ वगळून हातात जेवढी बिअर राहिली तेवढीच धरा, ती १८ लिटरच असू शकते. साखर थोड्या पाण्यात उकळून भरायच्या भांड्याच्या तळाशी घाला, वरून बिअर नळीने हळू सोडा आणि अलगद एकदोनदा ढवळा. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालत बसलात तर एक फसफसेल आणि दुसरी सपाट निघेल.

फिरवून उघडणाऱ्या झाकणाच्या बाटल्या घेऊ नका, साध्या झाकणाने त्या नीट बंद होत नाहीत. जाड, तपकिरी काच घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश आत जातो आणि हॉप्समधल्या घटकांपासून सडका वास तयार होतो, उन्हात तो काही मिनिटांतच येतो. भरलेल्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांनी एक गार करून उघडा. फेस उसळून बाहेर आला तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि त्या हाताळताना चष्मा व जाड हातमोजे घाला. सगळ्याच बाटल्या दर आठवड्याला जास्त फसफसत असतील, चव पातळ होत जात असेल, तर एखादं दुसरं यीस्ट घुसलंय. सेझाँ या बेल्जियन प्रकारच्या बिअरसाठीची काही यीस्टं उरलेलं स्टार्चही खातात. त्यांच्यासाठी नळ्या आणि नळ वेगळे ठेवा.

जवळच्या ब्रुअरीचा उपयोग करून घ्या

मोठ्या शहरात राहण्याचा हा फायदा आहे आणि बरेच होमब्रुअर तो घेतच नाहीत. आपल्या चार मित्रांना बिअर पाजून "मस्त झालीये" एवढं ऐकून समाधान मानतात. मित्र खोटं बोलत नसतात, पण चुकीची चव ओळखायला आधी बरोबर चव माहीत असावी लागते. तुम्ही पोर्टर (गडद रंगाची बिअर) करत असाल तर एखाद्या टॅपरूममध्ये (ब्रुअरीच्याच बिअरबारमध्ये) जाऊन पोर्टरच मागवा, दुसरी पोर्टर दुसऱ्या ब्रुअरीची घ्या, आणि वास, कडवटपणा, शेवटची चव लिहून ठेवा.

तिथेही डोळे उघडे ठेवा. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास स्वच्छ नाही, दुसरा मागा. नळावरच्या बिअरला लोण्याची किंवा व्हिनेगरची चव असेल तर दोष बिअर करणाऱ्याचा असेलच असं नाही. नळ्यांची सफाई दर दोन आठवड्यांनी व्हायला हवी, ती राहिली की अशी चव येते. फार गार बिअर घेऊन मत बनवू नका, दहा मिनिटं थांबा. ग्राउलर (नळावरची बिअर भरून न्यायची मोठी बाटली) घरी आणलात तर उघडल्यावर दिवसभरात संपवा, आणि हॉपी बिअर घेताना डब्यावरची पॅकिंगची तारीख वाचा.

ब्रुअरशी बोलायला संकोच करू नका. बहुतेक छोट्या ब्रुअरींकडे प्रत्येक खेपेनंतर भरपूर यीस्ट उरतं आणि विचारलं तर निर्जंतुक बरणीत थोडं देतातही. कोणत्या बिअरमधून काढलंय आणि किती दिवसांचं आहे, हे विचारून बरणीवर लिहा. झाकण किंचित सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात वापरून टाका. आपली बाटली त्यांना चाखायला देताना रेसिपी आधी सांगू नका. आंबण्याच्या दिवसांतलं तापमान मात्र वहीत लिहून न्या, कारण चांगला ब्रुअर पहिला घोट घेतल्यावर बहुधा तेच विचारतो.